तेविसावं ताट : उन्हाळी शिबिरातल्या भुताचं एक किशोरनाट्य पाहिलं, त्याबद्दल

पिंपळपान (रविवार, सकाळी)

काल संध्याकाळी कोथरूडमधल्या एका छोट्या सभागृहात मुलांचं एक नाटक पाहिलं. सुट्टीत नाट्यशिबिरं होतात ना, त्यातल्याच एका शिबिराच्या मुलांनी बसवलेलं. कामं करणारी सगळी ११ ते १७ वयाची. शेजारच्यांचा भाचा त्यात आहे म्हणून बोलावणं आलं आणि मी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन गेले. मुलं अल्पवयीन आहेत, म्हणून संस्थेचं, नाटकाचं, कुणाचंच नाव लिहीत नाही. प्रतिसादातही कुणी लिहू नये ही विनंती.

गोष्ट अशी. पुण्याची २२ मुलं आठ दिवसांच्या शिबिराला कोकणात जातात. मुक्काम गावच्या शाळेत. सुट्टी असल्यामुळे शाळा रिकामी, मागे विहीर, पुढे पिंपळ. शिबिरप्रमुख दादा (गळ्यात शिट्टी, काखेत वही, वय असेल १६) पहिल्या रात्री मुलं मोजतो तर २३ भरतात. पुन्हा मोजतो, २२. ओळीत उभं करून मोजतो, २३. शेवटी तो मुलांनाच आकडे म्हणायला लावतो. एक, दोन, तीन करत आकडा फिरत येतो, "बावीस" म्हणून शेवटची मुलगी खाली बसते, दादा हुश्श करून वही मिटतो. आणि काळोखातून अगदी शांत आवाज येतो, "तेवीस."

सभागृह हसून कोसळलं. त्याच क्षणी माझ्या लेकीने माझा दंड घट्ट धरला. हसतही होती आणि नखंही रुतवत होती. भुताच्या विनोदी नाटकाने एवढंच साधायचं असतं, आणि ते फार कमी वेळा साधतं.

कसं साधलं याचा मी रात्रभर विचार करत होते. दादाचं काम करणारा मुलगा घाबरण्याचा अभिनय करतच नव्हता. डोळे फिरवणं, थरथर कापणं, किंचाळून विंगेत पळणं, काही नाही. तो मोजत होता. २२ घरांना आपण जबाबदार आहोत या काळजीने मोजत होता. एक मूल कमी भरलं तर काय करायचं ते त्याच्या वहीत लिहिलेलं आहे. एक जास्त भरलं तर काय करायचं ते कुठेच लिहिलेलं नाही. तो स्वतःशीच म्हणतो, "घरी फोन करून सांगू काय? तुमचा नाही, पण एक आलाय?" त्याची काळजी खरी होती म्हणून आम्ही हसलो. भूत खोटं असलं तरी चालतं, भीती खरी लागते.

तेविसावा म्हणजे मुंजा. मुंज झालेल्या, पण सोडमुंज व्हायच्या आधीच गेलेल्या मुलाचं भूत. बारा-तेरा वर्षांच्या मुलाने केलाय. डोक्याचा गोटा, शेंडी, अंगावर उपरणं. चेहऱ्याला रंग नाही, दात नाहीत, काही नाही. दुसऱ्या दिवशी तो जेवणाच्या पंगतीत शेवटच्या पाटावर येऊन बसतो. स्वयंपाकाच्या मावशींच्या ध्यानातच येत नाही, त्या वाढत वाढत पुढे येतात आणि सवयीने विचारतात, "अजून भात?" तो उत्तर देत नाही. नुसता त्यांच्याकडे बघतो. कित्येक वर्षांत त्याला कुणी विचारलेलंच नाही, हे एक शब्द न बोलता कळतं. त्यानंतर मावशी रोज २३ ताटं मांडतात आणि दादा रोज एक ताट उचलून ठेवतो.

शेवटच्या रात्री मुलं ठरवतात की याची सोडमुंज आपणच करायची. ज्यांना विधी माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते : सोडमुंजीत मुलगा लंगोटी सोडून कपडे घालतो, छत्री-जोडे घेतो आणि "काशीला चाललो" म्हणून निघतो. मग मामा त्याला अडवतो, "जाऊ नको, माझी मुलगी देतो." मुलं जमेल ते आणतात. कुणाची फोल्डिंगची छत्री, कुणाचे दोन नंबर मोठे बूट. मामा व्हायला कुणी तयार नसतं, शेवटी दादाच मामा होतो. मुंजा छत्री उघडतो, बूट वाजवत निघतो. दादाने आता "थांब" म्हणायचं. आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. कारण थांबवलं तर हा इथेच राहणार.

इथे नाटक संपायला हवं होतं. पण यानंतर दादा पुढे येऊन मैत्री, आठवणी, निसर्ग यांवर दोन-तीन मिनिटं बोलतो. माझ्या घशात आलेला आवंढा त्या भाषणाने घालवला.

आणखी काही खटकलं तेही लिहिते. मध्यंतरानंतरची पंधरा मिनिटं मोबाइलला रेंज नाही यावरच्या विनोदांत जातात. हातात लांबलचक नखं घालून येणारा खवीस कुठून आला आणि कुठे गेला कळलं नाही, बहुतेक एका मुलाला काम द्यायचं होतं. दोन गाणी लांबली. आणि गावातला म्हणून जो एकमेव माणूस आहे, शाळेचा शिपाई, तो फक्त मालवणीत बोलतो म्हणून लोकांनी हसावं अशी अपेक्षा होती. लोक हसलेही. मला ते बरं वाटलं नाही.

पुढच्या शनिवारी अजून एक प्रयोग आहे. मी पुन्हा जाणार आहे. तुम्ही मुलांची अशी नाटकं पाहिली असतील तर लिहा.

खालचीवाडी (रविवार, दुपारी)

पिंपळपान, छान लिहिलंत. मी कुडाळ तालुक्यातला. शिपायाबद्दल लिहिलंत त्याबद्दल आधी आभार. मालवणी कानावर पडली की हसायचं, ही सवय शहरातल्या प्रेक्षकाला लागली आहे आणि लेखक ती फुकटात वापरतात. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'मध्ये मच्छिंद्र कांबळींनी मालवणी मुंबईच्या रंगभूमीवर उभी केली, १९८० साली. त्यातली माणसं नाटक बसवायच्या जिद्दीपायी जो गोंधळ घालतात त्याला लोक हसत होते. भाषा त्यांची होती, विनोद त्यांच्या धडपडीचा होता. हा फरक मुलांना तालमीत कुणीतरी समजावला पाहिजे.

शिवाय या शिपायाकडे केवढी मोठी जागा होती! त्या गावात राहणारा तो एकटा. मुंजा कोण, कुणाच्या घरातला, हे त्याला माहीत असणार. आमच्याकडे कुठल्या झाडावर कोण हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. पिंपळावर मुंजा, पाण्यात गिऱ्हा, वाट चुकवतो तो चकवा. आणि देवचार तर राखण करणारा. खांद्यावर कांबळं, हातात काठी, रात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवणारा. माझी आजी संध्याकाळी अंगणातून हाक मारायची, ती आम्हाला आणि आमच्या मागे कोण असेल त्याला, दोघांनाही. तिच्या बोलण्यात भूत म्हणजे शेजारी होता. त्याचा मान ठेवायचा, त्याच्या वाटेत बसायचं नाही, एवढंच.

शिपायाने मुलांना नुसतं विचारलं असतं, "त्येका जेवण वाढलास काय?" तरी अख्खं सभागृह गप्प झालं असतं. तेही मालवणीतच.

घाटावरही मुंजोबाची ठाणी आहेत पिंपळाखाली. आणि पिंपळाची मुंज लावायची चाल पुष्कळ ठिकाणी होती. म्हणजे सोडमुंजीचा शेवट लेखकाने हवेतून आणलेला नाही, त्याला मुळं आहेत.

मास्तरीण (रविवार, रात्री)

मी माध्यमिक शाळेत २० वर्षं शिकवते. सुरुवातीलाच सांगते, मी हे नाटक पाहिलेलं नाही. पण वाचून काळजी वाटली.

आमच्या शाळेत चार वर्षांपूर्वी सातवीतली एक मुलगी वर्गात चक्कर येऊन पडायची. घरच्यांनी बाहेरचं आहे म्हणून तिला दोन महिने कुठे कुठे फिरवलं. शेवटी डॉक्टरकडे नेलं तेव्हा अपस्मार निघाला. ते दोन महिने त्या मुलीने काय सोसलं ते मी पाहिलंय. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आला, तो दाभोलकरांच्या खुनानंतर आला, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं-मारणं हा त्यात गुन्हा आहे. त्यासाठी माणसांनी आयुष्य वेचलं. मग मुलांच्याच तोंडून रंगमंचावर "भूत आहे, विधी केला की सुटतं" असं वदवायचं का? जेवू घाला, सोडमुंज करा, म्हणजे जाईल, हे कुणा बुवाच्या सल्ल्यापेक्षा वेगळं कसं?

नाटक वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. मला खरंच उत्तर हवंय.

पिंपळपान (रविवार, रात्री)

मास्तरीणबाई, तुमचा प्रश्न मला टाळता येणार नाही. मी तेव्हा सभागृहात हा विचार केला नव्हता, आता केला.

नाटकात मुंजा कुणालाही झपाटत नाही. कुणी आजारी पडत नाही, कुणाच्या अंगात येत नाही, कुणी मांत्रिक येत नाही. घाबरलेली मुलं एकदा दार लावून बसतात तेव्हा बाहेर पाऊस सुरू होतो आणि सगळ्यात लहान मुलगी म्हणते, "तो भिजत असेल." त्यानंतर दार उघडतं. घरी येताना लेकीने मला विचारलं की त्या मुलाची आई कुठे होती. भूत खरं असतं का, हे विचारलं नाही. मला वाटतं तिने ते एकट्या पडलेल्या मुलाचं नाटक म्हणून घेतलं.

पण तुम्ही ज्या घरांबद्दल लिहिताय त्या घरातलं मूल हे नाटक कसं घेईल, ते मला सांगता येणार नाही.

दिवेवाला (सोमवार, दुपारी)

हौशी आणि स्पर्धेच्या नाटकांची प्रकाशयोजना करतो, त्यामुळे त्या बाजूने लिहितो. योगायोगाने शनिवारी मीही मागच्या रांगेत होतो.

"तेवीस" चमकलं त्याचं अर्धं श्रेय दिव्यांवर बसलेल्या मुलीला. ती असेल पंधरा वर्षांची. दादा वही मिटतो तिथे नवख्याने झटकन ब्लॅकआऊट केला असता. तिने दिवे इतके हळू उतरवले की कमी होतायत हे कळलंच नाही. प्रेक्षकांचे डोळे काळोखाला सरावत गेले, पिंपळाचा आकार दिसायला लागला, आणि मग आवाज आला. एकदम काळोख केला की लहान मुलं दचकतात, रडतात, आईबाप मोबाइल काढून उजेड करतात, आणि प्रसंग गेला. भुताच्या नाटकात काळोख जपून वापरावा लागतो.

मुंजाच्या तोंडावर खालून हिरवा दिवा मारायचा मोह त्यांनी टाळला हेही फार चांगलं. खालून आलेल्या प्रकाशात सावल्या उलट्या पडतात आणि कुणाचाही चेहरा भेसूर दिसतो, म्हणून सगळे तेच करतात. इथे मुंजावर बाकीच्या मुलांसारखाच साधा प्रकाश होता, फक्त किंचित गार. तो त्यांच्यातलाच वाटला.

काजव्यांचा प्रसंग लेखात राहिला. दिवाळीतल्या एलईडीच्या माळा काळ्या नेटमध्ये गुंतवून वर टांगल्या होत्या, तीन-चार वेगवेगळ्या वायरींवर, आणि एकेक आळीपाळीने चालू-बंद. खर्च पाचशेच्या आत असेल. पावसाआधी झाडं कशी लुकलुकतात ते ज्याने पाहिलंय त्याला ते पटलं.

आता एक तक्रार, आणि ती गंभीर आहे. सोडमुंजीच्या वेळी ड्राय आईस वापरला होता. दिसतं सुंदर, धूर जमिनीवर पसरतो. पण तो घन कार्बन डायऑक्साइड असतो, उणे ७८ अंशाचा. उघड्या हाताने धरला तर कातडी भाजल्यासारखी होते, आणि विंगेत एक मुलगा तो साध्या कापडाने उचलताना मी पाहिला. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड. रंगमंचावरून खाली उतरतो आणि पहिल्या रांगेसमोर, जिथे सतरंजीवर चार-पाच वर्षांची मुलं बसवतात, तिथे साठतो. सभागृह लहान, दारं बंद. प्रयोगानंतर मी त्यांच्या सरांना भेटून हे सांगितलं, त्यांनी नीट ऐकून घेतलं. मुलांचं नाटक बसवणाऱ्या सगळ्यांना सांगणं आहे : वापरायचाच असेल तर मोठ्या माणसाने, जाड हातमोजे घालून, अगदी थोडा, आणि दारं उघडी ठेवून. मुलांच्या हातात देऊच नका. त्या प्रसंगाला धुराची गरजही नाही. उघडी छत्री आणि मोठे बूट एवढं पुरेसं आहे.

जुनी_बाकडी (सोमवार, रात्री)

वय ७१. पिंपळपान, तुमच्या लेखाने मला दादरच्या दिवसांत नेलं.

आपल्याकडे मुलांच्या रंगभूमीवर अद्भुत पहिल्यापासून आहे. सुधा करमरकरांनी १९५९ साली लिटल थिएटर सुरू केलं तेव्हा पहिलं नाटक 'मधुमंजिरी', रत्नाकर मतकरींचं. मोठ्यांच्या नाटकाला लागते तेवढीच मेहनत, तेच नेपथ्य, तेच दिवे मुलांसाठीही लागतात हा सुधाताईंचा आग्रह होता. पुढे १९६२ मध्ये मतकरींनी स्वतःची 'बालनाट्य' संस्था काढली. त्यांच्या 'अलबत्या गलबत्या'मध्ये दिलीप प्रभावळकरांची चेटकीण पाहिलेले लोक अजून भेटले की त्या आवाजाची नक्कल करतात. माझ्या धाकट्या भावाने दोन रात्री दिवा लावून ठेवायला लावला होता, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा न्या म्हणून हट्ट धरला. २०१८ मध्ये वैभव मांगले यांनी ती चेटकीण केली तेव्हा मी नातवाला घेऊन गेलो. तोही तसाच, पाय वर घेऊन बसला आणि हसत राहिला.

विचार करण्यासारखी गोष्ट म्हणजे हेच मतकरी मोठ्यांसाठी गूढकथा लिहीत. मुलांना हसवणारा आणि मोठ्यांची झोप उडवणारा हात एकच. भीती कुठे थांबवायची हे ज्याला कळतं त्यालाच तिच्यातून हसू काढता येतं, असं मला वाटतं.

पण माझी खंत वेगळी आहे. चेटकीण, राक्षस हे आठ-दहा वर्षांपर्यंत ठीक. त्यानंतर काय? पुण्यात मोहन आगाशेंनी १९८६ च्या सुमारास बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची बालनाट्याची पद्धत आणली, त्यात राजा-राणी नव्हते, मुलांचे घरातले, शाळेतले प्रश्न होते. फार मोलाचं काम. पण त्यात मुलांच्या भूमिका मोठी माणसं करतात. शाळांसाठी भालबा केळकर करंडक ही नाट्यस्पर्धा आहे. कॉलेजात गेलं की पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा आहेच, १९६३ पासून. या सगळ्यात तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी, तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी, स्पर्धेच्या घड्याळाशिवाय केलेलं पूर्ण लांबीचं नाटक किती वेळा बघायला मिळतं? मिसरूड फुटलेल्या मुलाला बालनाट्यात लाज वाटते आणि मोठ्यांच्या नाटकात त्याला काम नसतं. तुमचा १६ वर्षांचा दादा त्याच वयातला. अर्धा मूल, अर्धा मोठा, २२ जणांची जबाबदारी अंगावर. नाटक भुताचं आहे, पण मध्यभागी तो उभा आहे. म्हणूनच ते लागलं असावं.

दूरदेशी (मंगळवार)

न्यू जर्सीहून लिहितोय. इथे हा नाट्यप्रकारच आहे म्हणा ना. उन्हाळी शिबिर, तळं, जंगल, लाकडी केबिनी, रात्रीची शेकोटी आणि भूत. शाळांची नाट्यमंडळं दरवर्षी असली विनोदी नाटकं करतात. माझ्या मुलीने आठवीत एकात काम केलं, ती स्वयंपाकघरातलं भूत होती.

यामागे जुनी परंपरा आहे. इथलं पहिलं संघटित शिबिर १८६१ सालचं मानतात, कनेक्टिकटमधल्या एका शाळामास्तरांनी मुलांना पायी समुद्रकिनाऱ्यावर मुक्कामाला नेलं ते. आता मुलं एक आठवड्यापासून सात-आठ आठवडे घराबाहेर राहतात. शेकोटीपाशी गोष्ट सांगायची ती मोठ्या मुलांनी, म्हणजे काउन्सिलरनी. न्यू यॉर्क राज्यातल्या शिबिरांत क्रॉप्सी नावाच्या एका वेड्या म्हाताऱ्याची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, जो रात्री केबिनीबाहेर फिरतो. दर शिबिरात तपशील वेगळे, पण काम एकच : नवी मुलं रात्री एकटी तळ्याकडे जाऊ नयेत. आपल्याकडे विहिरीत गिऱ्हा असतो तोही त्याचसाठी असावा.

फरक मला जाणवतो तो असा. इथलं शिबिरातलं भूत बहुधा सूड घ्यायला आलेलं असतं किंवा शेवटी कुणीतरी चादर पांघरलेला निघतो. मुलं त्याला पकडतात, सगळे हसतात, पडदा. खालचीवाडी यांच्या आजीच्या अंगणात भूत शेजारी आहे, त्याला जेवायला वाढायचं असतं. पंगतीत बसलेलं भूत मी इथे कधी पाहिलं नाही.

इथली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. शाळांसाठी लिहिलेल्या नाटकांच्या प्रकाशनसंस्था आहेत. त्यांच्या यादीत नाटक किती मिनिटांचं, किती पात्रं, त्यातली किती मुलगा-मुलगी कुणीही करू शकेल, नेपथ्य काय लागेल हे सगळं दिलेलं असतं. शाळा प्रयोगाचं मानधन भरते, लेखकाला त्याचा वाटा मिळतो. एका छोट्या गावात बसवलेलं नाटक वीस वर्षांनी दुसऱ्या टोकाच्या गावातली मुलं करतात. हे तेविसाव्या मुलाचं नाटक शनिवारच्या प्रयोगानंतर कुठे जाणार? सरांच्या कपाटात. इथल्या आमच्या मराठी शाळेतल्या मुलांना ते करायला मिळालं तर मी उद्या तालीम सुरू करेन. सोडमुंज म्हणजे काय हे त्यांना आधी समजवावं लागेल, आणि ते समजावताना मलाच किती गोष्टी शोधाव्या लागतील. पण रिकाम्या पाटावर कुणी येऊन बसणं त्यांना लगेच कळेल. ही मुलं नव्या शाळेत पहिल्या दिवशी डबा घेऊन तशीच उभी राहिलेली आहेत.

मास्तरीण (मंगळवार, रात्री)

पिंपळपान, "तो भिजत असेल" वाचून मी थोडा वेळ थांबले. माझी शंका पूर्ण गेलेली नाही. पण सातवीच्या त्या मुलीजवळ मधल्या सुट्टीत कुणी बसत नव्हतं हेही मला त्या वाक्याने आठवलं. आधी ते मी लिहिलं नव्हतं.

शनिवारी मी दहा मुलांना घेऊन येते. नाटकानंतर त्यांच्याशी बोलायचं, हे मात्र मी करणार. "असं असतं का?" हेही विचारणार आणि "तुम्ही दार उघडलं असतं का?" हेही.

विंगेतली (बुधवार)

मी या मंडळाच्या कपडेपटाचं काम बघते, माझा मुलगाही नाटकात आहे (कुठली भूमिका ते सांगत नाही). धागा सरांना दाखवला, मुलांनीही वाचला.

दोनच गोष्टी सांगते. शेवटचं भाषण मुलांना नकोच होतं. आम्हा पालकांपैकी काहींनीच आग्रह धरला होता की काहीतरी संदेश हवा, नाहीतर लोक म्हणतील भुताचं नाटक केलं. त्या आग्रहात मीही होते. आणि शिपायाचं काम करणारा मुलगा स्वतः सावंतवाडीचा आहे. हशा येतो म्हणून तो खूश होता. खालचीवाडींचा प्रतिसाद वाचल्यावर तो म्हणाला, "माझी आजीपण असंच म्हणते." काल तालमीत त्याने ते वाक्य पहिल्यांदा म्हटलं. सगळे हातातलं काम सोडून बघत राहिले.

ड्राय आईस काढला आहे. दिवेवाले, तुम्ही बोललात ते फार बरं झालं, आम्हाला हे माहीतच नव्हतं.

खालचीवाडी (बुधवार, रात्री)

त्या पोराला माझा नमस्कार सांगा. आणि म्हणावं, वाक्य म्हणताना घाई करू नको, वायच थांब. पातेल्याकडे बघ, मग मुलांकडे बघ, मग बोल.

पिंपळपान (रविवार, सकाळी)

काल दुसरा प्रयोग पाहिला. लेक होती, मास्तरीणबाई त्यांच्या दहा मुलांसह दोन रांगा मागे होत्या.

खवीस अजून आहे, पण आता निदान त्याला दादाच्या मोजणीत पकडलंय. ओळीत उभा राहतो आणि दादा त्याला "तू आपल्यातला नाहीस" म्हणून बाजूला काढतो. मोबाइलचे विनोद निम्मे झालेत. "तेवीस"ला पुन्हा तेवढाच हशा आला, पण मुलांनी तो पूर्ण ओसरू दिला नाही, पुढचं वाक्य लवकर आलं आणि ऐकू आलं नाही. प्रेक्षक किती हसतील याचा अंदाज दुसऱ्या प्रयोगाला चुकतोच म्हणतात.

शिपाई आला, पातेल्याकडे बघितलं, मुलांकडे बघितलं. "त्येका जेवण वाढलास काय?" कुणीही हसलं नाही. मग त्या मुलाने एक गोष्ट केली जी कदाचित तालमीत ठरली असेल, कदाचित नसेल. उचलून ठेवलेलं ताट त्याने परत घेतलं, उपरण्याने पुसलं आणि शेवटच्या पाटापुढे मांडलं.

आणि शेवट. छत्री उघडली, बूट वाजले, दादा "थांब" म्हणायला पुढे झाला आणि गप्प राहिला. भाषण नाही. धूर नाही. बूट विंगेत गेले तरी आवाज येत राहिला, हळूहळू कमी होत. त्या दिव्यांवरच्या मुलीने उजेड तसाच ठेवला. बराच वेळ नुसती २२ मुलं आणि एक रिकामा पाट.

पुढे सतरंजीवर बसलेल्या एका छोट्याने मोठ्याने विचारलं, "गेला का तो?"

हे कुणाच्याच संहितेत नव्हतं. रंगमंचावरच्या सगळ्यात लहान मुलीने त्याच्याकडे वळून सांगितलं, "हो. जेवून गेला."